पाळीची तारीख कोण विचारणार?

शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा आमच्या हायस्कूलच्या व्हरांड्यात मुलींची रांग लागते. एक बाई वजन घेतात, दुसऱ्या डोळ्यांचा तक्ता दाखवतात, तिसऱ्या कागद भरतात. पाच पावलांवर मुलग्यांची रांग, तीही कान टवकारून. कागद भरणाऱ्या बाई कन्नडमधून विचारतात, "एल्ला सरि इदेया?" म्हणजे सगळं ठीक ना? मुलगी म्हणते, "हौदु, मॅडम." की पुढची.

त्या "सगळं"मध्ये पाळीही आली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याच्या तपासणी कागदावर दहा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी वेगळा भाग आहे आणि त्यात पाळीला उशीर, अनियमित पाळी, पाळीत दुखणं अशा चौकटी छापलेल्या आहेत. म्हणजे सरकारला प्रश्न सुचलेला आहे. तो विचारण्याची रीत मात्र अशी, की त्याला "हो"शिवाय उत्तरच मिळू नये.

मी विज्ञान शिकवते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या शाळेत वीसेक वर्षं गेली. मध्यंतरी दहावीची एक मुलगी सारखी डोकं दुखतं म्हणून प्रयोगशाळेत येऊन बसायची. एकदा सहज विचारलं, शेवटची पाळी कधी आली?

"गणपतीत."

"आणि त्याच्यानंतर?"

"संक्रांतीला येईल वाटतं."

"मग तपासणीच्या दिवशी नियमित म्हणून कशाला सांगितलंस?"

"येते की बाई. आईची पण अशीच होती."

तिने खोटं सांगितलं नव्हतं. नियमित म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि घरात आईचं जे होतं ते तिच्या लेखी नियमित. म्हणून माझं म्हणणं असं : "पाळी नियमित येते का" हा प्रश्न आपण टाकून द्यावा. त्याऐवजी शेवटची तारीख विचारावी. तीही मुलीच्या भाषेत, आडोशाला, आणि शाळेच्या वयातच. ऐकायला हे किरकोळ वाटतं. तारीख म्हटली की आकडा येतो, आणि आकडा लपवायला हो-नाहीपेक्षा अवघड जातं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ सालीच सांगितलं होतं, की किशोरवयीन मुलीची पाळी नाडी, रक्तदाबासारखीच शरीराची खूण म्हणून तपासावी. आमच्याकडे वजनकाटा पोचला, ही खूण अजून पोचायची आहे.

आकडे अवघड नाहीत. पहिली पाळी आल्यावर वर्षभर ती वेडीवाकडी येणं स्वाभाविक आहे, त्याचा बाऊ करू नये. त्यानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत दोन पाळ्यांतलं अंतर एकवीस दिवसांहून कमी किंवा पंचेचाळीसहून जास्त असेल तर दाखवावं. तीन वर्षं उलटली की वरची हद्द पस्तीस दिवसांवर येते, आणि वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या आल्या तरी दाखवावं. पहिलं वर्ष सरल्यावर कधीही, एकदा जरी, नव्वद दिवसांहून मोठा खंड पडला तर वाट बघत बसू नये. पंधरावं संपेपर्यंत पाळी आलीच नाही तरीही दाखवावं. गणपती ते संक्रांत म्हणजे चार महिने. तुळशीच्या लग्नापर्यंतच ती मुलगी डॉक्टरांसमोर बसायला हवी होती.

कारणं बरीच असतात. थायरॉइड, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं संप्रेरक) वाढणं, अंगात अन्नच नसणं, फार ताण. पण सगळ्यांत जास्त ऐकू येणारं नाव पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम), आपल्याकडे बोलताना पीसीओडी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या शंभरातल्या दहा ते तेरा बायकांना हा त्रास असतो आणि त्यांतल्या सत्तर टक्क्यांपर्यंत बायकांना तो आहे हे ठाऊकच नसतं.

या आजाराचं नावच घात करतं. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली सात बायकांचं वर्णन लिहिलं. त्यांना अंडाशय मोठे आणि बुडबुड्यांनी भरलेले दिसले, म्हणून नावात सिस्ट आलं. डॉक्टर सिस्ट म्हणतात, घरात त्याची गाठ होते, आणि गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत गाठीचा कॅन्सर. प्रत्यक्षात त्या गाठी नव्हेतच. दर महिन्याला बीज पिकवणाऱ्या ज्या बारीक पिशव्या असतात, त्याच अर्ध्यात अडकून राहिलेल्या असतात. एकेक दोन ते नऊ मिलिमीटरची, म्हणजे मोहरीपासून वाटाण्याच्या दाण्यापर्यंत. कापून काढण्यासारखं तिथे काही नसतं. नाव बदला, अशी शिफारस अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१२ सालीच केली होती.

मूळ बिघाड बऱ्याच जणींत इन्सुलिनचा असतो. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडतं. वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. मग बीज पिकत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, तोंडावर मुरमं येतात, डोक्यावरचे केस मात्र विरळ होतात. आणि एक खूण असते जी मला फळ्याजवळ उभं राहून दिसते. मुलीच्या मानेमागे, काखेत, मखमलीसारखा काळा पट्टा. आई त्यावर लिंबू घासते, बेसन चोळते, "नीट अंघोळ करत जा गे" म्हणून चारचौघांत बोलते. तो मळ नसतो. रक्तात इन्सुलिन वाढल्याची ती पाटी असते, आणि चोळून चोळून कातडी सोलली तरी जात नाही. लठ्ठ मुलींनाच हे होतं असंही नाही. किडकिडीत मुलींतही दिसतं, आणि त्यांच्याकडे तर कुणाचं लक्षच जात नाही.

म्हणजे गोष्ट पाळीपुरती नाही. या मुलींना पुढे मधुमेहाचा धोका जास्त, गरोदरपणातल्या साखरेचा जास्त, उदासीचा जास्त. महिनोन्‌महिने पाळी आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर साचून जाड होत जातं, आणि त्याकडे वर्षानुवर्षं कुणी पाहिलं नाही तर त्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. शेजारीण गाठीला ज्या आजाराचं नाव देते, त्याची खरी वाट इकडून आहे.

आता घरात काय होतं ते बघू. पाळी चुकली की आपल्याकडे पहिला विचार आजाराचा येत नाही. त्या प्रयोगशाळेतल्या मुलीच्या आईने तिसऱ्या महिन्यात काय केलं, ते तिनेच मला नंतर सांगितलं. गावातल्या मेडिकलात पोरगा ओळखीचा, म्हणून बसने बेळगावला जाऊन, बसस्टँडजवळच्या दुकानातून, तोंडावर पदर ओढून तपासणीची पट्टी आणली. "मी काय करू बाई? मला दुसरं काय सुचंना झालं. मी रात्रभर झोपलो नाही." (आमच्याकडच्या बायका "मी झोपलो, मी आलो" असंच बोलतात. पुण्याच्या वाचकांनी हसू नये.) पट्टीवर एकच रेघ आली. आई देवापुढे बसून रडली. मुलगी आठ दिवस आईशी बोलली नाही.

डॉक्टर पाळी चुकल्यावर गर्भाची तपासणी करतात ते बरोबरच आहे, ती पहिली पायरीच आहे. पण डॉक्टरने यादीतली एक शक्यता म्हणून तपासणं वेगळं आणि आईने चोरासारखी पट्टी आणून लेकीच्या हातात देणं वेगळं. अशी पट्टी हातात घेतलेली मुलगी पुढच्या वेळी पाळी चुकल्याचं घरात सांगेल? ती चुकलेली पाळीसुद्धा "आली" म्हणून बाजूला बसेल. बसतात. मला माहीत आहेत.

संशय फिटला की लग्न येतं. "लग्न झालं की सगळं सुरळीत होतं" हे वाक्य मी आजीकडून ऐकलं, नर्सकडून ऐकलं, आणि सांगायला लाज वाटते, स्टेथोस्कोप गळ्यात असलेल्या माणसाकडूनही ऐकलं. लग्नाने इन्सुलिन सुधारत नाही. लग्नानंतर एवढंच होतं, की पाळी चुकली तर आनंद होतो, आणि तो आनंद दोन-तीनदा फुकट गेला की सून डॉक्टरकडे नेली जाते. आठ-दहा वर्षं उशिरा, आणि फक्त मूल का होत नाही एवढ्याच प्रश्नासाठी. मूल होण्यावर औषधं आहेत आणि बऱ्याच जणींना ती लागू पडतात, म्हणून मूल झालं की फाइल बंद. साखर तिथेच राहते.

आपली आरोग्यव्यवस्थाही घरासारखीच विचार करते. बाई गरोदर राहिली की तिच्या नावाने तायी कार्ड, म्हणजे आईचं कार्ड, निघतं, आणि तिथून ती सरकारला दिसू लागते. त्या बाबतीत बेळगाव जिल्ह्याने जगाला शिकवलं आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल? २००२ ते २००५ या काळात इथल्या खेड्यांतल्या १६२० बायकांवर एक अभ्यास झाला. बाळंतपणानंतर नर्सबाईंनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडाने दिल्या, तर अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. २००६ साली तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. डॉक्टर नाही, ऑपरेशन थिएटर नाही, उपकेंद्रातली नर्स आणि स्वस्त गोळी. त्याच उपकेंद्रातली नर्स सोळा वर्षांच्या मुलीला तारीख विचारू शकत नाही, असं मला कुणी सांगू नये.

बाळंतपण झालं की ती बाई पुन्हा दिसेनाशी होते, ती थेट तिसाव्या वर्षी. सरकारची साखर-रक्तदाबाची घरोघर तपासणी तीस वर्षांच्या पुढच्यांसाठी आहे. ज्या मुलीच्या मानेवर चौदाव्या वर्षी पाटी लागली, तिची साखर बघायला आपण सोळा वर्षं थांबतो.

आणि सीमाभागात त्यावर आणखी एक थर. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जनआरोग्य योजना इथल्या ८६५ गावांना लागू करायची म्हटलं, कर्नाटकाने हरकत घेतली, दोन्हीकडचे पुढारी आठवडाभर पेपरात होते. मी मराठी भाषक आहे, कागद मराठीत मिळावा म्हणून मीही घोषणा दिल्या आहेत. तरीही विचारते : त्या योजनेतून या मुलीला काय मिळणार होतं? अशा योजना, या राज्याची असो की त्या, मुख्यतः दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी असतात. अनियमित पाळीची मुलगी दाखल होत नाही. तिला लागतं दर तीन महिन्यांनी एकदा बाह्यरुग्ण विभागात दहा मिनिटं बोलणारं माणूस. ज्यावरून दोन राज्यं भांडली त्यात ती नव्हतीच.

खरं तर लागणाऱ्या वस्तू गावाजवळ आहेत. आपल्याकडे मधुमेहाच्या रुग्णाला सर्रास मिळणारी मेटफॉर्मिन या त्रासातही काही जणींना देतात. पाळी नियमित करायला आणि पुरुषी संप्रेरकं दाबायला संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या वापरतात. पीसीओएसवरच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, की त्यातली अमुकच गोळी सरस असं नाही. उपकेंद्रातली फुकटची माला-एन त्याच जातीची. अर्थात रक्तदाब, अर्धशिशी, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्यात का, हे डॉक्टरने बघूनच. पण बिनलग्नाची मुलगी माला-एन मागायला उपकेंद्रात जाऊन दाखवेल? आणि पाकीट कपाटात सापडलं तर? पट्टीच्या वेळी रडलेली आई पाकीट बघून काय करेल? म्हणून औषधाआधी आईशी बोलावं लागतं. हे काम बाहेरच्याने करून भागणार नाही. गर्भनिरोधक म्हणून बनलेली गोळी हा पाळीचा इलाजही असतो, हे आईला तिच्या बोलीत सांगावं लागतं.

इथे भाषेचा मुद्दा येतो. माझ्या बाजूच्या लोकांना पुढचं आवडणार नाही. सातबारा मराठीत द्या, बसवरची पाटी मराठीत लावा, परिपत्रक मराठीत काढा, हे आपण मागत आलो, आणि मागणं रास्त आहे. जिथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांवर आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे देशाने मान्य केलेलं तत्त्व आहे. पण किशोरी मुलींचं आरोग्यपत्रक मराठीत द्या, असं निवेदन घेऊन कुणी कचेरीत गेल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. निवेदनं पुरुष लिहितात, म्हणून असेल.

दुसऱ्या बाजूलाही सांगते. कन्नड मुलीचं कुठे बरं चाललंय? कन्नडात पाळीला मुट्टु म्हणतात, म्हणजे शिवणं. मराठीत कावळा शिवतो. दोन्ही भाषांनी या गोष्टीचं नाव स्पर्शावरून, विटाळावरून ठेवलं, आणि तारीख विचारायची वेळ आली की दोन्ही गप्प. मी माझ्या विद्यार्थिनीचा सोनोग्राफीचा अहवाल पाहिला. मराठीत नव्हता, कन्नडातही नव्हता. इंग्रजीत होता. "बल्की ओव्हरीज", म्हणजे मोठे झालेले अंडाशय, एवढे दोन शब्द आईने मैत्रिणीच्या मुलाकडून वाचून घेतले, आणि बल्की म्हणजे मुलगी जाड आहे असा अर्थ लावून तिचा रात्रीचा भात बंद केला.

ती सोनोग्राफीच मुळात लागत नव्हती. पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांपर्यंत, फक्त अंडाशयात बुडबुडे दिसले म्हणून पीसीओएस ठरवू नये, असं २०२३ च्या त्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या वयात निरोगी मुलींचे अंडाशयही तसेच दिसतात. मोठ्या बाईत तीनपैकी दोन खुणा पुरतात : अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांची वाढ, आणि सोनोग्राफीतलं चित्र. किशोरवयात पहिल्या दोन्ही हव्यात, चित्र मोजायचंच नाही. तरी खाजगीत आधी यंत्रावर झोपवतात, कारण यंत्राचे पैसे मिळतात, बोलण्याचे मिळत नाहीत.

यावरूनच माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीने हरकत घेतली. तू सगळ्यांना तारखा विचारायला लावशील, दर दुसरी मुलगी पीसीओडी म्हणून घरी येईल, स्थळं मोडतील. ही भीती खरी आहे. पंधराव्या वर्षी लागलेला शिक्का आयुष्यभर राहतो. पण आज शिक्का तारखेच्या जोरावर लागत नाहीये, तो चित्राच्या जोरावर लागतोय. ओळीने चार-सहा तारखा लिहिलेल्या असतील तर उलट बऱ्याच मुलींना "अजून वर्षभर बघू, काही झालेलं नाही" एवढंच सांगून परत पाठवता येईल. धोका दिसतो पण निकष पुरे होत नाहीत, अशा मुलीला नाव न देता पुढे तपासत राहायचं, ही सोय वैद्यकात आहेच. मैत्रीण म्हणाली, इतका वेळ कुणाकडे आहे? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खाण्यापिण्याचं मी थोडक्यात सांगते, कारण त्यावर सल्ले देणारे उदंड आहेत. अमुक आहारच सर्वांत चांगला असं सिद्ध झालेलं नाही. हालचाल मात्र हवी, या वयात रोज तासभर. ती कुठून आणायची? बेळगावात टिळकवाडीतल्या बायका व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी फिरतात, छान आहे. निपाणीच्या मुली शाळेतून आल्या की मांडीवर सूप घेऊन आईबरोबर विड्या वळायला बसतात, मजुरी हजार विड्यांवर मिळते, आणि उठलं की आकडा कमी होतो. आमच्या शाळेत खेळाचा तास दहावीला गणिताने खाल्ला आहे, आणि न्हाण आलेल्या मुलीने खो-खो सोडायचा हे तर न सांगताच ठरलेलं.

२०२५ च्या ऑक्टोबरात कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने नोकरदार बायकांना महिन्याला एक दिवस पाळीची भरपगारी रजा मंजूर केली. वर्षाला बारा. चांगलं झालं. घरी विड्या वळणारीला ती कोण देणार, हा एक प्रश्न. आणि जिला वर्षात चारच पाळ्या येतात तिला बारा रजांपेक्षा, उरलेल्या आठ कुठे गेल्या असं विचारणारं कुणीतरी हवं आहे.

करायचं काय, ते लांबलचक नाही. छापलेल्या चौकटीशेजारी शेवटच्या तीन तारखांची जागा करा. रांग व्हरांड्यातून उचलून वर्गात न्या, दार लावा. विचारायचं काम गावातल्या आशाताईंना द्या, त्यांना दोन्ही भाषा येतात आणि कुठल्या घरात काय बोलायचं तेही येतं. नव्वद दिवस उलटलेल्या मुलीला चिठ्ठी देऊन तालुक्याच्या दवाखान्यात पाठवा. २०२३ च्या जूनपासून मुलींना सरकारी बसचं तिकीट नाही, निदान भाडं आडवं येणार नाही. आणि हे पत्रक कन्नड आणि मराठी, दोन्हीत छापा.

सरकार करेल तेव्हा करेल. त्या मुलीच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. त्यावर दुधाचे खाडे, सिलिंडर लागल्याची तारीख, संकष्टी, बचत गटाचा हप्ता, सगळं आई पेन्सिलीने लिहिते. परवा मी गेले होते तेव्हा कोपऱ्यात एक बारीक टिंब दिसलं. काय विचारलं तर आईने नवऱ्याकडे पाहिलं, तो बाहेर गेल्याची खात्री केली आणि म्हणाली, "तिचं आहे. एकेचाळीस दिवस झालं. दाखवू काय, बाई?"

पहिली पाळी दोन वर्षांपूर्वीची. मी म्हटलं, पंचेचाळीसपर्यंत थांबा.